तिसऱ्या गिअरवरचा हात

दिवस: भाऊबीज आटोपल्याच्या नंतरचा. तुळशीचं लग्न तोंडावर आलेलं. हजर: बाबा, आई, पण फक्त स्वयंपाकघराच्या दारापर्यंत, रहीमचाचा मिस्त्री, वजन उचलायच्या आपल्या चेनकुप्पीसह, रेखावहिनी, चहाच्या ट्रेसह, आणि मी, वैशाली, घरातली धाकटी, नुकतीच कॉलेजात जायला लागलेली. गैरहजर: दादा, खापरखेड्याच्या वीज केंद्रात पहिल्या पाळीला. याशिवाय अंगणाच्या मध्यभागी आमची पिकअप, बॉनेट काढलेली, आणि तिच्या शेजारी ताडपत्रीवर कबाडी बाजारातून आणलेलं एक इंजन आणि एक गिअरबॉक्स. कुठल्याशा अपघातात पुढून वाचलेल्या आणि मागून चेपलेल्या दुसऱ्या पिकअपचे ते अवयव होते.

कामाची सुरुवात मी अजूनही अशीच करते. आधी कोण आलं, कोण नाही, काय आहे, काय नाही. ही सवय आमच्या धंद्यातली. आमचं बिछायत केंद्र. मांडव, गाद्या, सतरंज्या, खुर्च्या, मोठाले गंज, पराती, ताटं, वाट्या, चमचे, जे जे लग्नाबारशाला लागतं ते भाड्याने द्यायचं, नेऊन पोचवायचं, मोजून परत आणायचं. दिघोरीतलं आमचं घर म्हणजे निम्मं घर आणि निम्मं गोदाम. कुंपणाच्या भिंतीला मांडवाच्या बल्ल्या टेकवलेल्या, गच्चीवर गाद्या उन्हात पसरलेल्या, आणि मागच्या ओट्यावर दिवसभर भांडी. आमच्या घरात कोणी हळू बोलत नसे, कारण हळू बोललेलं ऐकूच येत नसे. पाहुणे म्हणत, हे लोक भांडतात का सारखे? भांडत नव्हतो. परातींच्या आवाजावर आवाज चढवून बोलत होतो. आईला नुसत्या आवाजावरून कळायचं, ताटं कुठल्या गठ्ठ्यातली पडली, आपली की शेजारच्या केंद्राची चुकून आलेली. आपल्या भांड्यांच्या बुडाला हिरव्या रंगाचा ठिपका असे. तो ठिपका लावायचं काम माझं होतं, आणि मी ते फार मन लावून करत असे.

पण माझं खरं काम दुसरं होतं, आणि त्या कामाला ठिपका लावता येत नव्हता. आमच्या पिकअपचा तिसरा गिअर सुटायचा. गाडीत माल असला आणि वेग धरला, की गिअरची दांडी खाडकन मागे येऊन मधात पडायची, इंजन उगाचच किंचाळायचं आणि गाडी ढिली पडायची. बाबांनी आधी दांडी मांडवाच्या काथ्याने सीटला बांधून पाहिली. बांधली की सोडवता येईना, आणि चौकात चौथा टाकायच्या आत गाठ सोडवत बसावं लागे. मग एकदा उमरेड रोडने खुर्च्या घेऊन जाताना, मी शाळेत असेन तेव्हा, ते म्हणाले, “वैशू, धर.” मी धरली. उजव्या हाताच्या तळव्याने दांडीचा गोळा पुढे दाबून ठेवायचा, कोपर ताठ. वळण आलं की ते म्हणत, “सोड.” मी सोडायची. धर आणि सोड, एवढ्या दोन शब्दांवर मी कित्येक वर्षं बाबांच्या शेजारी बसून विदर्भ पाहिला. त्या दांडीची थरथर मनगटातून खांद्यापर्यंत यायची. घरी आल्यावर जेवताना घास धरलेल्या बोटांतही ती थोडी उरलेली असायची. दादाला केबिनमध्ये बसलं की उलटी व्हायची, त्यामुळे ती जागा बिनविरोध माझी होती. आणि बाबा, जे घरात फक्त ‘पाणी आण’ आणि ‘हिशेब झाला का’ एवढंच बोलत, ते गाडीत बोलायचे. त्यांच्या आईबद्दल, पहिल्या उचललेल्या मांडवाबद्दल, कोणत्या गावच्या लोकांनी गाद्या जाळून परत दिल्या त्याबद्दल. माझा हात दांडीवर असला की त्यांची जीभ सुटायची. निदान मला तसं वाटायचं.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात दादाचं लग्न झालं आणि रेखावहिनी आली. माहेर सावनेरचं. तिच्या वडिलांची ट्रॅक्टर दुरुस्तीची शेड. हे आम्हाला लग्न ठरवताना माहीत होतं, पण ‘पोरगी स्वयंपाक कसा करते’ याच्या पलीकडे कोणी चौकशी केली नव्हती. पहिले काही महिने तिने डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही. आईला आत्याबाई, बाबांना मामाजी. मला ताई म्हणायची, खरं तर ती माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठीच असेल. पाटवडीचा रस्सा आईपेक्षा चांगला करायची, आणि ते आईने स्वतःच शेजारणीला सांगितलं, माझ्यादेखत. मला वाईट वाटलं नाही. स्वयंपाकघराची जागा मला नकोच होती.

दसऱ्यानंतर ती माहेरी गेली होती. तिला आणायला बाबा गेले, कारण तिकडच्याच एका गावातून खुर्च्या परत आणायच्या होत्या. माझी कॉलेजात चाचणी होती. संध्याकाळ झाली तरी गाडी येईना. शेवटी एक ट्रॅक्टरवाला आमची पिकअप दोर लावून ओढत घेऊन आला. केबिनमधून वहिनी उतरली. माझ्या बाजूच्या दारातून.

“काय झालं वं?” आई म्हणाली.

“इंजन बसलं, आत्याबाई. कोराडी नाक्याच्या अलीकडे. मी मामाजीले आधीच म्हटलं, हे खालून ठोकून राहिलं, थांबवा. पण खुर्च्या घरी पोचवाच्या होत्या नं.”

मी विचारलं, “आणि तिसरा?”

“तो सुटत होता. मामाजी म्हणाले, धर. मग धरला मी.” तिने हात पुढे करून दाखवला. तळव्यावर गोळ्याच्या रबराची नक्षी उमटली होती. ती हसत होती. “कसा वं धरतेस तू रोज? माझा त हात भरून आला.”

तिच्या हातावरची ती नक्षी मी आजही काढून दाखवू शकेन. मला इंजन बसल्याचं काहीच वाटलं नाही. मला वाटलं, मी असते तर बसलं नसतं. एखादं जनावर परक्या माणसाला पाहून बिथरतं, तसं ते इंजन बिथरलं, असं मी रात्री अंथरुणावर स्वतःला पटवलं, आणि पटवून घेतल्यावर बरं वाटलं.

इंजनाचं आधी दोनदा बोअरिंग, म्हणजे आतून घासून दुरुस्ती, झालेलं होतं. रहीमचाचांनी कान लावून, हात लावून पाहिलं आणि मान हलवली. “भाऊ, याच्यात आता जान नाही. दुसरं टाकू. गिअरबॉक्ससकट टाकू. दोन दिवसांचं काम, समजा झालंच.” चाचा प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘समजा झालंच’ म्हणत. आमच्या अंगणात त्यांनी अर्धवट सोडलेली कितीतरी कामं समजा झालेलीच होती.

“गिअरबॉक्स काहून?” मी म्हणाले.

“तिसरा सुटते नं वं,” बाबा म्हणाले.

“मी धरते नं.”

सगळे हसले. चाचा तर एवढे हसले की त्यांना ठसका लागला. वहिनीने पदराआडून हसून घेतलं. मला तिचंच हसणं तेवढं दिसलं.

तर ती भाऊबीजेनंतरची सकाळ. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे माणसांची लग्नं सुरू, आणि पिकअपशिवाय आमचा धंदा म्हणजे अंगणात उभी असलेली भांडी. क्रेन, स्टँड वगैरे आमच्याकडे कुठलं? पण बल्ल्या होत्या. बाबांनी गाडीच्या नाकावर चार बल्ल्यांचा मांडव बांधला, वर आडवी जाड बल्ली, आणि तिला चाचांची चेनकुप्पी. गाठी बाबांच्या आणि माझ्या. बिछायतवाल्याची गाठ ओढली की घट्ट होते आणि टोक खेचलं की सुटते. ती आमच्या घरात सगळ्यांना येते, म्हणजे तेव्हा वहिनीला सोडून सगळ्यांना येत होती, आणि मी तिच्यासमोर जरा सावकाशच बांधली.

आई दारातून म्हणाली, “आंब्याची पानं बांधा म्हणते मी. इंजनाचं लग्न लागून राहिलं.”

“नवरदेव कबाडातला आहे, वहिनी,” चाचा म्हणाले. ते आईला वहिनी म्हणत. “हुंडा नका मागू.”

पहिला दिवस उतरवण्याचा. रेडिएटर, नळ्या, वायरी, सायलेन्सर, खालचा लांब शाफ्ट. चाचा एकेक बोल्ट काढून मागे हात करायचे आणि मी तो घ्यायची. चाचांची पद्धत म्हणजे सगळे बोल्ट एका जुन्या टायरमध्ये टाकणं. मी ते होऊ दिलं नाही. ओट्यावरून स्टीलच्या वाट्या आणल्या, गोदामाच्या फळीवर ओळीने मांडल्या, आणि प्रत्येकीत कागदाची चिठ्ठी: उजवी माउंटिंग, डावी माउंटिंग, स्टार्टर, गिअरबॉक्स वरचे, गिअरबॉक्स खालचे. दुपारपर्यंत फळीवर वाट्यांची पंगत बसली होती. बाबांनी येता-जाता ती पाहिली आणि म्हणाले, “हे बेस केलं.” बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे पुष्कळ. मी वहिनीकडे पाहिलं. ती चहाचे कप उचलत होती. तिने ऐकलं की नाही ते कळलं नाही.

संध्याकाळच्या आत जुनं इंजन साखळीवर झुलत बाहेर आलं. काळं, तेलाने ओथंबलेलं, आणि माझ्या कल्पनेपेक्षा खूप लहान. मागून गिअरबॉक्स जॅकवर उतरवला. त्याची दांडी चाचांनी उपसून बाजूला ठेवली. गोळ्याचं रबर माझ्या हाताने एका बाजूला झिजून सपाट झालं होतं. अंगणात सगळीकडे डिझेलचा वास, आणि आतून आईच्या गोळाभाताच्या फोडणीचा. हे दोन वास एकत्र आले की मला अजून भूक लागते आणि अजून थोडा राग येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी हात मागे केला. “बेटी, उजवी माउंटिंग.” मी फळीकडे गेले. फळी रिकामी. पुसलेली. खाली एक घमेलं, आणि त्यात सगळे बोल्ट, नट, वायसर, एकावर एक, खिचडीसारखे. माझ्या चिठ्ठ्या घमेल्याच्या तळाशी तेलात भिजून पारदर्शक झाल्या होत्या.

“आई!”

“काय झालं ओरडाले?”

“वाट्या कुठी आहेत?”

“गेल्या. वरच्या गल्लीत बारसं आहे नं आज. रिक्षाने पाठवल्या सकाळीच. तीन पाण्यानं धुवा लागल्या मले, एवढं तेल करून ठेवलं होतं.”

“अवं, त्याच्यात बोल्ट होते! लावून ठेवले होते मी!”

“मंग? सांडले का म्या? घमेल्यात आहेत नं सगळे.” आईने हात कमरेवर ठेवले. “वाट्या भाड्यानं द्याच्या आहेत का तुह्या नटांचं हळदीकुंकू कराचं आहे?”

चाचा गाडीखालून हसले. दुसऱ्या कुठल्या घरात हे झालं नसतं. दुसऱ्या घरात वाटी ही वाटी असते. आमच्याकडे ती मोजणीतली वस्तू, आणि मोजणी पूर्ण करण्यासाठी आई देवापुढची वाटीसुद्धा प्रसाद ओतून घेऊन गेली असती. मला रडू आलं. मी घमेल्यापाशी बसले आणि एकेक बोल्ट उचलून पाहू लागले. सगळे सारखेच दिसत होते.

वहिनी माझ्या शेजारी येऊन बसली. चहा ठेवला. आणि दोन्ही हात घमेल्यात घातले, तांदूळ निवडायला बसावं तसे. बघत नव्हती, नुसती चाचपत होती. “हे बारीक आट्याचे, हे इंजनाचे. हे जाड आट्याचे, माउंटिंगचे. हे वायसरवाले सायलेन्सरचे, पाह्य, जळलेले आहेत.” ढीग पडू लागले. “चिठ्ठ्या काहून लिहत होती ताई? बोल्ट स्वतःच सांगते नं तो कुठचा.”

तिने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. एका ठिकाणी ती अडली. गिअरबॉक्सच्या बोल्टांत दोन थोडे लांब होते आणि ते कुठे जातात ते तिला ठरवता येईना. लांब बोल्ट चुकीच्या भोकात गेला तर पुढचं ओतीव लोखंड तडकतं, ती म्हणाली. मी म्हटलं, “ते स्टार्टरच्या बाजूचे. एकाच्या डोक्यावर छिन्नीची खूण आहे, काल काढताना मी पाहिली.” होती. ती म्हणाली, “वा!” पण बाबा तिथे नव्हते. बाबा पुढे चेनकुप्पीपाशी होते, आणि तिथून त्यांना फक्त एवढंच दिसलं की घमेलं रिकामं झालंय आणि वहिनीच्या हाताला तेल लागलंय.

नवं इंजन साखळीवरून खाली उतरलं, जाग्यावर बसलं. दुपारी गिअरबॉक्सची वेळ आली. तो खालून, जॅकवर उचलून, मागून इंजनात सारायचा. चाचांनी सारला. अर्धा गेला आणि अडला. परत काढला, परत सारला. परत अडला. चाचांचं पोट मोठं. गाडीखाली गेले की त्यांना पुढचं दिसेना आणि पुढचं दिसेल असं झोपले की हात पोचेना. “प्लेट बसली आहे, समजा झालंच,” ते खालून म्हणत होते, आणि होत काही नव्हतं.

वहिनी वाकून पाहत होती. “चाचा, क्लच प्लेट मधात नाही बसली. खाली सरकली आहे.”

“बेटा, तू चाय आण.”

“चाय ठेवली आहे. प्लेट खाली आहे पण.”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग चाचांकडे. मग पुन्हा तिच्याकडे. “तुले येते का?”

ती क्षणभर आईच्या दाराकडे बघत राहिली. मग आत गेली आणि साडीवरून दादाचा जुना शर्ट चढवून, पदर कमरेला खोचून, हातात लाटणं घेऊन बाहेर आली. आई मागून, “अवं ते पुरणपोळीचं लाटणं आहे!” लाटण्याच्या मुठीला तिने चिंधी गुंडाळली, जाडी हाताने मोजली, आणि उताणी होऊन गाडीखाली सरकली. मूठ प्लेटच्या भोकात घालून प्लेट मध्यावर आणायची, मग बोल्ट आवळायचे, मग लाटणं काढून घ्यायचं. मला हे सगळं तिच्या पायांकडून दिसत होतं. आणि ऐकू येत होतं. ती शिट्टी वाजवत होती. आमच्या घरात तोवर कोणी बाई शिट्टी वाजवत नव्हती. बाबा गुडघा धरून, ज्या गुडघ्याने त्यांना वर्षभर क्लच दाबताना जीव नकोसा केला होता तो धरून, जमिनीवर बसले आणि तिला पाने देऊ लागले. मी सांगितलं असतं, कितीचा पाना लागतो ते. मला कोणी विचारलं नाही.

गिअरबॉक्स आत गेला आणि शेवटच्या बोटभर अंतरावर थांबला.

“बाबा!” खालून हाक आली. “त्याले गिअरमध्ये टाका अन् मागून शाफ्टची चकती फिरवा. दाते जुळले की जाईन.”

बाबा. मामाजी नव्हे. घाईत तिच्या तोंडून गेलं असेल. माझ्या कानात मात्र ते सगळ्या परातींहून मोठं वाजलं. आणि त्याहून मोठं वाजलं ते उत्तर. “हौ बेटा,” बाबा म्हणाले. मला ते कधी बेटा म्हणाले नव्हते. वैशू, पोरी, माय, अवं, हे सगळं म्हणत. बेटा हा शब्द त्यांच्याजवळ आहे हेच मला माहीत नव्हतं.

“वैशू, वर चढ,” बाबा म्हणाले. “दांडी लाव अन् तिसऱ्यात टाक.”

मी केबिनमध्ये चढले. पाय ठेवायची पत्र्याची पट्टी काढलेली, खालून उजेड येत होता. नव्या दांडीवर नवा गोळा, गुळगुळीत, कोणाच्याच हाताचा नाही. मी तिसरा टाकला. टाकला आणि सवयीने कोपर ताठ करून दाबून धरला. बाबांनी मागे चकती फिरवली. खालून ‘टक्’ असा एकच आवाज आला आणि गिअरबॉक्स जाग्यावर बसला. चाचा ओरडले, “समजा झालंच!” आणि या वेळी खरोखर झालं होतं. वहिनी खाली हसत होती. मी दांडी धरून बसले होते.

बाबा खिडकीशी आले. “सोड नं माय,” ते म्हणाले. “आता धराची गरज नाही. हा स्वतः धरते.”

मी सोडली. ती हललीसुद्धा नाही.

तिसऱ्या दिवशी तेल-पाणी भरून इंजन पहिल्यांदा सुरू करायचं होतं. आमच्याकडे गाडीचं कुंकू घरची लेक लावते. दसऱ्याला मीच लावायची. मी लावलं, लिंबू चाकाखाली ठेवलं, नारळ फोडला, आणि दार उघडून माझ्या जागेवर बसायला निघाले. बाबा म्हणाले, “थांब.” त्यांनी किल्ली वहिनीच्या हातात दिली.

“ट्रॅक्टर चालवते नं तू?”

“हौ, पण हे…”

“त्याच्यापेक्षा सोपं आहे. बस.”

आणि ते स्वतः फिरून डाव्या दाराने चढले. माझ्या जागेवर.

मी आईकडे पाहिलं. आईने उत्तर तयार ठेवलं होतं. “बाबांचा गुडघा गेला. गाडी कोणाले त चालवा लागन. दादा तिकडे पाळ्या करते. अन् तू उद्या सासरी जाशीन. गाडी त इथीच राहीन नं?” तिने हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मला वाटतं तोपर्यंत घरात सगळ्यांना हे माहीत होतं. मला विचारायचं राहून गेलं होतं, इतकंच.

मी मागे, माल ठेवायच्या डाल्यात चढले. कोणी नको म्हटलं नाही. केबिनच्या मागच्या लहानशा काचेतून दोघांची डोकी दिसत होती. गाडी गल्लीतून रिंग रोडवर आली. पहिला, दुसरा. मग इंजनाचा सूर खाली आला आणि तिने तिसरा टाकला. मी लोखंडी नळी घट्ट धरून त्या दांडीकडे पाहत राहिले. सुटावा, असं मला वाटत होतं. एकदाच सुटावा, खाडकन, आणि बाबांनी मागे वळून काचेवर टकटक करावं. बाबांचे दोन्ही हात त्यांच्या मांडीवर होते. दांडीवर कोणाचाच हात नव्हता. चौक आला, चौथा पडला, गाडी परत फिरली. तिसरा एकदाही सुटला नाही. बाबा बोलत होते. मागून ऐकू येत नव्हतं, पण डोकं हलत होतं. गाडीत ते बोलायचे ते माझ्यामुळे नव्हे, गाडीमुळे, हे मला तेव्हा डाल्यात उभं राहून कळलं.

त्या दुपारी गोळाभात होता. चाचा पोटभर जेवले. कबाडीवाला जुनं इंजन न्यायला आला तेव्हा बाबा म्हणाले, “इंजन ने. गिअरबॉक्स राहू दे. तो वैशूचा आहे.”

“मी काय करू त्याचं?” मी म्हणाले. “तिले चालती गाडी, अन् मले मेलेला डबा?”

वहिनीने भातातला बेसनाचा गोळा बोटाने फोडला आणि तसाच ठेवला.

“इतकी वर्षं तू धरून बसली होती नं,” बाबा म्हणाले. “तो काहून सुटत होता, ते पाह्य उघडून. मले अजून माहीत नाही. चाचालेही माहीत नाही.”

“समजा…” चाचा म्हणाले आणि थांबले.

मी ताट उचललं आणि आत गेले. गिअरबॉक्सला हात लावला नाही.

आता पुढचं थोडक्यात. मी सासरी गेले ती मानेवाड्याला, दोन स्टॉपवर, आणि रोज सकाळी दिघोरीला परत येते. गोदाम, मोजणी, माणसं, तारखा हे माझ्याकडे. गाड्या वहिनीकडे. ती पिकअप केव्हाच गेली, तिच्यानंतर दोन आल्या. मिहानकडे मोठ्या कंपन्यांचे कार्यक्रम असतात, तिथे रात्रीतून मांडव उभा करून द्यायचा असतो, आणि तिथले लोक फोनवर विचारतात, “रेखाताई येणार आहेत ना गाडी घेऊन?” मी म्हणते, हो. वैशालीताई येणार का, असं अजून कोणी विचारलेलं नाही, आणि मी वाट पाहणं सोडलेलंही नाही. गेल्या महिन्यात बर्डीच्या बाजारात पडद्यांचं कापड घ्यायला आम्ही दोघी गेलो. चौकात गर्दी होती. तिने तिसरा टाकला आणि मी बोलता बोलता हात पुढे केला. तिने पाहिलं. तिचा डावा हात स्टिअरिंगवर गेला आणि तिने दांडी माझ्यासाठी मोकळी सोडली. पुढच्या सिग्नलपर्यंत मी ती धरून बसले. नव्या गाडीत थरथर फारशी येत नाही.

बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. गिअरबॉक्स शेडमध्ये लाकडी पाटावर आहे. दर दिवाळीत मी तो चार माणसांकडून उचलवते, खाली झाडते, परत ठेवते. वहिनी दर वेळी म्हणते, “ताई, रविवारी बसू. दोघी मिळून उघडू.” दर वेळी मी म्हणते, तू नको बसू, मी एकटी उघडीन. तो माझा आहे.

या आठवड्यात राहिलेली कामं. गच्चीवरच्या गाद्या उलटवणे: झालं. हिरवा रंग आणणे: झालं. बारशाकडून वाट्या परत घेणे: आल्या, मोजल्या, बरोबर. गिअरबॉक्सचे झाकणाचे बोल्ट गंजले आहेत. त्यांच्यावर तेल टाकून रात्रभर ठेवावं लागेल, म्हणजे सकाळी सुटतील. तेलाची कुपी शेडमध्ये पाटाशेजारी आहे. पाना तिथेच आहे. झाकण निघाल्यावर बोल्ट ठेवायला एक वाटी मी बाजूला काढली आहे, आणि तिच्या बुडाचा हिरवा ठिपका खरवडून टाकला आहे, म्हणजे अजूनही माझ्यामागून एकदा मोजणारी आई ती मोजणीत धरणार नाही. तेल अजून टाकलेलं नाही.